जुने काउबॉयपट क्लबमध्ये दाखवायचे की नाही?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कॉलेजच्या फिल्म क्लबात या सत्रात पाच जुने वेस्टर्न दाखवायचं ठरलं: 'स्टेजकोच', 'हाय नून', 'द सर्चर्स', 'द मॅग्निफिसंट सेव्हन' आणि 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'. यादी ग्रुपवर पडताच एका मुलीनं हरकत घेतली. यातले 'रेड इंडियन' किंचाळत घोड्यांवरून येतात आणि गोळ्या खाऊन पडतात, काळा माणूस औषधालाही सापडत नाही, मेक्सिकन म्हणजे एकतर दरोडेखोर नाहीतर विनोदी खानावळवाला. मग हे आपण का दाखवायचं? दुसऱ्या गटाचं उत्तर, काळच तसा होता, कला म्हणून बघा. भांडण आठवडाभर चाललंय आणि तुम्ही विचारताय, दाखवावेत का, आणि दाखवले तर आधी काय सांगावं.

मी बरीच वर्षं चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेतो आणि वेस्टर्न हा त्यातला माझा लाडका भाग आहे, तेव्हा मला तटस्थ समजू नका. माझं उत्तर 'दाखवा' असंच आहे. पण तुमच्या दोन्ही गटांचं म्हणणं मला अपुरं वाटतं. हरकत घेणारी मुलगी डोकी मोजतेय, आणि बचाव करणारे कॅलेंडर दाखवताहेत. डोकीच मोजायची तर 'स्टेजकोच'मध्ये मूळ अमेरिकन घोडेस्वारांची झुंडच्या झुंड आहे. संख्या भरपूर, आणि तरीही ती मुलगी जे म्हणते ते खरंच आहे. म्हणून मी वर्गात मोजदाद बाजूला ठेवतो आणि एकच गोष्ट बघायला सांगतो: सिनेमानं कारण कुणाला दिलंय? एखादं पात्र जे करतं ते का करतं, हे सांगायची तसदी दिग्दर्शकानं कुणासाठी घेतलीय आणि कुणासाठी घेतलेली नाही?

'स्टेजकोच' (1939) घ्या. बग्गीत आणि बग्गीवर मिळून नऊ माणसं आहेत, आणि दिग्दर्शक जॉन फोर्ड सुरुवातीच्या काही मिनिटांतच प्रत्येकाचं कारण हातावर ठेवतो. डॅलसला गावातल्या सभ्य बायकांनी हाकलून दिलंय. दारुड्या डॉक्टरचं भाडं थकलंय. गरोदर लूसीला सैन्यातल्या नवऱ्याकडे पोचायचंय. बँकवाला गेटवूड लोकांचे पैसे बॅगेत घालून पळतोय. आणि रिंगो किड, म्हणजे जॉन वेन, तुरुंग फोडून आलाय कारण प्लमर मंडळींनी त्याच्या बापाला आणि भावाला मारलंय. आणि जेरोनिमोचं, म्हणजे अपाची या मूळ अमेरिकन जमातीच्या लढाऊ पुढाऱ्याचं, काय? सिनेमाच्या आरंभी तारेवरून निरोप येतो, पहिला शब्द येतो आणि तार तुटते. तो एकच शब्द म्हणजे 'जेरोनिमो'. पुढे काही सांगायची गरजच उरत नाही, त्या खोलीतल्यांनाही आणि प्रेक्षकांनाही. नंतर कॅमेरा दरीतल्या इवल्याशा बग्गीवरून सरकत कड्यावर उभ्या असलेल्या अपाचींवर येतो. संगीत बदलतं, चेहरे जवळून दिसतात, पण कुणी एक शब्द बोलत नाही.

आता खरा जेरोनिमो. मेक्सिकन सैनिकांनी त्याच्या तळावर हल्ला करून त्याची म्हातारी आई, तरुण बायको आणि तीन लहान मुलं मारली. हे त्यानं स्वतः सांगितलंय, 1906 साली छापल्या गेलेल्या आत्मकथेत. 1886 मध्ये तो शरण आला आणि 1909 मध्ये फोर्ट सिल इथं युद्धकैदी म्हणूनच वारला, म्हणजे हा सिनेमा येण्याच्या तीसच वर्षं आधी. थोडक्यात, रिंगो किड ज्यासाठी बंदूक उचलतो त्याचसाठी जेरोनिमोनंही उचलली होती. घरच्यांच्या खुनाचा सूड. एकाच्या सुडाभोवती अख्खा सिनेमा बांधलाय आणि शेवटी त्याला मोकळं सोडून दिलंय. दुसऱ्याचा सूड म्हणजे वादळ किंवा दरड कोसळावी तशी वाटेतली आपत्ती. मी वर्गात हे सिनेमा संपल्यावर सांगतो. आधी सांगितलं तर मुलं पडद्याकडे बघायचं सोडून माझ्या मताची तपासणी करत बसतात.

याच सिनेमात वाटेवरच्या ठाण्याचा मेक्सिकन मालक ख्रिस आहे. त्याची बायको याकिमा अपाची आहे. मेक्सिकन गायिका एल्विरा रिओसनं ती भूमिका केलीय. तिला बघून एक प्रवासी दचकतो, ती रात्री स्पॅनिश गाणं म्हणते आणि सकाळपर्यंत घोडा घेऊन पसार झालेली असते. ख्रिस ऊर बडवतो तो घोड्यासाठी. बायको दुसरी मिळेल म्हणतो, असा घोडा मिळायचा नाही. ती का गेली? सिनेमाला ते विचारावंसंही वाटत नाही, कारण तोवर विनोद झालेला असतो. ठाण्याचा हा प्रसंग अर्ध्या मिनिटासाठी परत लावून बघा. तुमच्या त्या मैत्रिणीची तक्रार शब्दशः त्यात सापडेल.

पण इथं थांबलात तर फोर्डवर अन्याय होईल. पुढच्या आठवड्यात 'फोर्ट अपाची' (1948) दाखवा. तोच दिग्दर्शक, तीच मॉन्युमेंट व्हॅली, तोच जॉन वेन, मधे फक्त नऊ वर्षं. इथं अपाची सरदार कोचीझला कारण आहे आणि ते सविस्तर आहे. सरकारी एजंट मीचम अपाचींना सडकं धान्य आणि निकृष्ट दारू विकतो. त्याच्या गोदामात 'बायबल' असं लिहिलेल्या खोक्यांतून दारू निघते. बोलणी होतात तेव्हा कोचीझ स्पॅनिशमध्ये बोलतो, सार्जंट बोफर्ट त्याचं भाषांतर करतो, आणि आपल्याला त्याचं पूर्ण म्हणणं ऐकायला मिळतं. हेन्री फोंडाचा कर्नल थर्सडे ते ऐकून अपमान करतो, हट्टानं हल्ला चढवतो आणि आपल्या माणसांसकट मरतो. कोचीझ जिंकतो आणि उरलेल्यांना सोडून देतो. शेवटी वेन पत्रकारांपुढे थर्सडेच्या शौर्याची थोरवी गातो, जी खोटी आहे हे आपण नुकतंच डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्या शेवटाबद्दल माझे विद्यार्थी दरवर्षी भांडतात. फोर्ड सैन्याच्या दंतकथेला सलाम करतोय की ती उघडी पाडतोय? मला विचाराल तर तो दोन्ही करतोय, आणि त्याला त्यात काही वावगंही वाटत नाही.

'काळच तसा होता' हे वाक्य का टिकत नाही, ते आता. 1939 सालीच, म्हणजे 'स्टेजकोच'च्याच वर्षी, 'द ब्रॉन्झ बकरू' नावाचा वेस्टर्न आला. त्यातले सगळे प्रमुख कलाकार काळे, आणि नायक हर्ब जेफ्रीज हा गाणारा काउबॉय. त्याआधी 1937 मध्ये त्याचाच 'हार्लेम ऑन द प्रेरी' येऊन गेला होता. हे सिनेमे तुटपुंज्या पैशात बनत आणि मुख्यतः काळ्या प्रेक्षकांच्या वेगळ्या थिएटरांत चालत. आणखी मागे जा. 1910 च्या सुमारास पाथे कंपनीसाठी जेम्स यंग डीअर वेस्टर्न दिग्दर्शित करत होता आणि त्याची बायको रेड विंग, जी हो-चंक या मूळ अमेरिकन समाजातली, त्या काळातली नावाजलेली नटी होती; सेसिल डिमिलच्या 'द स्क्वॉ मॅन'मध्ये (1914) तिनं महत्त्वाची भूमिका केली. त्यांचा 'व्हाइट फॉन्स डिव्होशन' (1910) आज अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत आहे. म्हणजे ज्याला आपण 'तो काळ' म्हणतो त्यात दुसऱ्या बाजूनं सांगणारी माणसं होती. त्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता, वितरण नव्हतं. काळावर खापर फोडलं की हा पैशाचा आणि मालकीचा हिशेब अलगद झाकला जातो.

प्रत्यक्षातला पश्चिम पडद्यावरच्यापेक्षा खूपच सरमिसळ होता, हेही मुलांना माहीत नसतं. गुरं हाकणाऱ्या काउबॉयपैकी साधारण चारात एक काळा असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बॅस रीव्ह्ज गुलामीत जन्मला आणि पुढे मूळ अमेरिकनांसाठी राखलेल्या इंडियन टेरिटरीत डेप्युटी मार्शल म्हणून दरारा गाजवून गेला. अमेरिकेतल्या यादवीनंतर 1866 मध्ये काळ्या सैनिकांच्या नव्या पलटणी उभ्या राहिल्या, त्यातल्या नवव्या आणि दहाव्या घोडदळ पलटणीनं पश्चिमेत वर्षानुवर्षं चाकरी केली. त्यांची लढाई बऱ्याचदा मूळ अमेरिकनांशीच होती, ही गुंतागुंत वेगळीच. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे रूळ सिएरा नेव्हाडाचे डोंगर फोडून नेले ते हजारो चिनी मजुरांनी. 1869 मध्ये रेल्वे जोडली गेली आणि 1882 मध्ये चिनी मजुरांना देशात यायला कायद्यानं बंदी झाली. वेस्टर्नमध्ये हा माणूस बहुतेक वेळा स्वयंपाकघरात किंवा धोबीखान्यात दिसतो. काउबॉयचं घोड्यावरचं सगळं कसबही मेक्सिकन व्हाकेरोंकडून, म्हणजे गुराख्यांकडून, आलेलं.

आता 'द सर्चर्स' (1956). तुमच्या यादीतला सगळ्यात अवघड सिनेमा हाच, आणि मला त्यावर वेळ घालवायचाय. वेनचा ईथन एडवर्ड्स कोमांचींनी पळवलेल्या पुतणीला वर्षानुवर्षं शोधतोय. हळूहळू लक्षात येतं की तो तिला सोडवायला निघालेला नाही. ती आता 'त्यांची' झाली म्हणून मारायला निघालाय. सोबत मार्टिन आहे, एक अष्टमांश चेरोकी, आणि तेवढ्या रक्तावरूनही ईथन त्याला टोमणे मारतो. इतका उघड वंशद्वेष नायकाच्या छातीत ठेवण्याचं धाडस तेव्हाच्या स्टुडिओच्या सिनेमात क्वचितच झालंय. शिवाय कोमांची सरदार स्कारला कारण आहे. गोऱ्यांनी त्याचे दोन मुलगे मारलेत, म्हणून एकेका मुलाबद्दल तो अनेकांच्या कवट्यांची कातडी घेतो, असं तो तोंडावर सांगतो. ईथन आणि स्कार समोरासमोर उभे राहतात तेव्हा एकच माणूस दोनदा दिसावा अशी ती मांडणी आहे.

आणि तरीही स्कारचं काम करतोय हेन्री ब्रँडन, बर्लिनमध्ये जन्मलेला, निळ्या डोळ्यांचा. कारण मिळालं, पण ते बोलून दाखवायचं तोंड दुसऱ्याचं.

याच सिनेमात लुक नावाची कोमांची बाई आहे, ब्यूला आर्चुलेटानं केलेली. सौद्यात गैरसमज होतो आणि ती मार्टिनची 'बायको' होऊन मागोमाग येते. रात्री ती त्याच्या शेजारी आडवी होते, तो तिला लाथ मारतो, ती उतारावरून गडगडत खाली जाते. ईथन खदखदून हसतो, आणि सिनेमाची इच्छा आहे की आपणही हसावं. थोड्याच वेळानं घोडदळानं उद्ध्वस्त केलेल्या वस्तीत एका तंबूत तिचं प्रेत सापडतं आणि मार्टिन विचारतो, हिला का मारलं, हिनं कुणाचं काय वाकडं केलं होतं? म्हणजे फोर्ड तिला आधी चेष्टेचा विषय करतो आणि मग तिच्या मरणाचं कारण आपल्याला विचारतो. मी हे दृश्य कितीदा दाखवलंय, अजून मला ठरवता आलेलं नाही की ही जाणूनबुजून केलेली रचना आहे की एकाच माणसाच्या डोक्यातल्या दोन भिन्न खोल्या. चर्चेत मी हा प्रश्न उघडाच ठेवतो. कुणी घाईनं एका बाजूला ढकलू लागलं तर दुसरी बाजू मांडतो.

भाषेचा एक मुद्दा इथंच घेतो. मॉन्युमेंट व्हॅली ही नाव्हाहोंची भूमी. मंदीच्या काळात तिथला व्यापारी हॅरी गोल्डिंग त्या दरीचे फोटो घेऊन हॉलिवुडात गेला आणि फोर्डची स्वारी तिथं आली. स्थानिकांना मजुरी मिळाली, ती गरजेची होती, याकडे नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण त्याच नाव्हाहो लोकांना फोर्डनं कधी अपाची केलं, कधी कोमांची, कधी शायान. अपाचींची भाषा निदान नाव्हाहोच्या कुळातली आहे. कोमांची आणि शायान या पार वेगळ्या कुळांतल्या. आपल्या सिनेमात कोळीवाड्यातली माणसं आपसात बंगालीत बोलावीत आणि थिएटरात कुणाला काही खटकू नये, तसा हा प्रकार. 'शायान ऑटम'बद्दल (1964) एक किस्सा नेहमी सांगितला जातो, की गंभीर दृश्यांत नाव्हाहो नट आपल्या भाषेत चावट काहीबाही बोलत राहिले आणि नाव्हाहो वस्तीतल्या खेळांना लोक भलत्याच जागी हसत सुटले. या सिनेमात शायानांच्या मोठ्या भूमिका मात्र रिकार्डो मॉन्टलबान, गिल्बर्ट रोलँड, साल मिनिओ यांच्याकडे. फोर्ड हा सिनेमा मूळ अमेरिकनांची बाजू मांडायला म्हणून काढत होता, हे लक्षात घ्या.

सहानुभूतीच्या सिनेमांची हीच पंचाईत आहे. 'ब्रोकन ॲरो' (1950) हा मूळ अमेरिकनांना माणूस म्हणून दाखवणारा टप्प्याचा सिनेमा मानतात, आणि तो मान रास्त आहे. त्यात कोचीझ झालाय जेफ चँडलर, ब्रुकलिनमधला ज्यू नट; त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याच सिनेमात जे सिल्व्हरहील्स आहे, कॅनडातल्या सिक्स नेशन्सचा मोहॉक, म्हणजे स्वतः मूळ अमेरिकन. त्याला कुठली भूमिका? तहाला नकार देऊन उठून जाणाऱ्या जेरोनिमोची. शहाणा सरदार बाहेरच्याला, आडमुठा घरच्याला. टीव्हीवर 'लोन रेंजर'चा साथीदार टोंटो म्हणून तो जगभर ओळखला गेला आणि साठच्या दशकात त्यानं मूळ अमेरिकन नटांसाठी लॉस एंजेलिसमध्ये प्रशिक्षणवर्ग उभा करायला हातभार लावला. 'ब्रोकन ॲरो'तच जेम्स स्टुअर्टशी लग्न केलेली अपाची मुलगी शेवटी गोळी लागून मरते. गोरा नायक आणि मूळ अमेरिकन बायको असली की बायको मरणार, हा ठोकळा इतका पक्का झाला की वर्गातली मुलं तिसऱ्या सिनेमापासून आधीच सांगू लागतात.

इथं कुणीतरी हमखास म्हणतं, अमेरिकनांचं असंच. तेव्हा मी 'जैत रे जैत' (1977) काढतो. ठाकर समाजाची गोष्ट, आणि नाग्या-चिंधी झालेत मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. सिनेमा मला अतिशय आवडतो, तो ठाकरांना कारणही देतो आणि गाणंही. पण जेफ चँडलरला जो प्रश्न विचाराल तो इथंही विचारावा लागतो, आणि मग वर्गातला सूर लगेच सावध होतो. तेवढ्यासाठीच मी तो काढतो.

तुमच्या यादीतले उरलेले तीन. 'हाय नून'बद्दल (1952) थोडकंच. केटी हुराडोची हेलन रामिरेझ ही त्या गावातली सगळ्यात समंजस व्यक्ती आहे. सलूनची मालकीण, दुकानात भागीदार, आणि मेक्सिकन बाई म्हणून या गावात राहणं काय असतं ते ती दोन वाक्यांत सांगते. मार्शल केन तिला भेटायला येतो तेव्हा दोघं क्षणभर स्पॅनिशमध्ये बोलतात. वर्षभर भेट नाही, असं ती म्हणते, आणि त्यालाही ते ठाऊक असतं. मूळ प्रतीत त्याला सबटायटल नाही. त्यांच्यातली जवळीक गावापासून आणि बहुतेक प्रेक्षकांपासूनही राखून ठेवलेली. तिच्याकडे कारण आहे, पैसा आहे, बुद्धी आहे, आणि शेवटी ती गाडीत बसून निघून जाते. गाव तिच्या लायकीचं नव्हतंच.

'द मॅग्निफिसंट सेव्हन' (1960) मी यादीतून काढेन, पण सुरुवातीचा प्रसंग वेगळा दाखवेन. ओल्ड सॅम नावाचा मूळ अमेरिकन माणूस वारलाय आणि गावातले गुंड त्याला गोऱ्यांच्या स्मशानात पुरू देत नाहीत. यूल ब्रिनर आणि स्टीव्ह मक्वीन शववाहिनी हाकत टेकडीवर नेतात. प्रसंग झकास आहे, टाळ्या पडतात. पण ओल्ड सॅमचा चेहरा आपल्याला कधी दिसत नाही. नायक भले आहेत हे कळण्यापुरतं त्याचं मरण कामाला आलं. दुसरी गंमत अशी की आधीच्या एका अमेरिकन सिनेमातल्या चित्रणावरून मेक्सिकोत राग होता, म्हणून या चित्रीकरणावर सरकारी माणूस नजर ठेवून होता, आणि परिणामी मेक्सिकन गावातले शेतकरी शेतात राबूनही कायम धुतल्या तांदळासारख्या कपड्यांत वावरतात. दबावानं काय बदलतं आणि काय बदलत नाही, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. कपडे स्वच्छ झाले. गाव वाचवायला मात्र उत्तरेतूनच, म्हणजे अमेरिकेतूनच, माणसं आणावी लागली.

'लिबर्टी व्हॅलन्स'मध्ये (1962) पॉम्पीवर लक्ष ठेवा. काम केलंय वुडी स्ट्रोडनं. हा माणूस आधी फुटबॉलपटू. 1946 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळून एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधली काळ्या खेळाडूंवरची बंदी मोडणाऱ्यांपैकी एक. फोर्डनं त्याला 'सार्जंट रटलेज'मध्ये (1960) नवव्या घोडदळाचा सार्जंट म्हणून मध्यवर्ती भूमिका दिली होती, तरी श्रेयनामावलीत त्याच्या आधी गोऱ्या कलाकारांची नावं होती. 'लिबर्टी व्हॅलन्स'मधल्या शाळेत पॉम्पी स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणून दाखवायला उभा राहतो, मागे लिंकनची तसबीर, आणि 'सगळी माणसं समान' या ओळीवर अडतो. शिक्षक झालेला जेम्स स्टुअर्ट म्हणतो, असू दे, तो भाग बरेच लोक विसरतात. तेवढ्यात वेन येऊन पॉम्पीला कामावर हाकलतो. हे दृश्य सगळे उचलून धरतात. मला त्याहून महत्त्वाचं दुसरं वाटतं. लिबर्टी या गुंडाला कुणी मारलं हे रहस्य ज्या रात्री घडतं, त्या रात्री वेनच्या हातात बंदूक फेकणारा पॉम्पीच आहे. सिनेमाच्या चौकटीत, म्हणजे पुढे अनेक वर्षांनी, पत्रकार सिनेटर झालेल्या स्टुअर्टकडून सगळी हकिगत लिहून घेतात. पॉम्पी वेनच्या पात्राच्या शवपेटीपाशी बसलेला आहे. एकमेव जिवंत साक्षीदार तिथंच, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. फोर्डला हे दिसत होतं का? मला वाटतं, हो. पॉम्पीला तिथं बसवलंय ते उगाच नव्हे.

आता व्यवहाराचं. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. प्रेक्षक शाळकरी असतील तर 'द सर्चर्स' मी लावणार नाही, कॉलेजसाठी चालेल. क्लबमध्ये आदिवासी किंवा भटक्या समाजातले विद्यार्थी असतील तर लाथेच्या दृश्याची आधी कल्पना द्या, अचानक गाठू नका. आणि चर्चेत 'तुमच्या लोकांना काय वाटतं' असं त्यांनाच विचारायचं तर मुळीच नाही. सिनेमानंतर हॉल अर्धा तास मिळत नसेल, किंवा चर्चा चालवायला कुणी तयार नसेल, तर लांब सिनेमे सोडा. 'हाय नून' 85 मिनिटांचा आहे, 'स्टेजकोच' 96. हे दोन लावून नीट बोललात तरी सत्र सत्कारणी लागेल.

वेळ असेल तर मी क्रम असा ठेवेन: 'स्टेजकोच', लगोलग 'फोर्ट अपाची', मग 'हाय नून', 'द सर्चर्स' आणि शेवटी 'लिबर्टी व्हॅलन्स'. पहिली जोडी ओळीनं लागायलाच हवी, कारण एकच माणूस नऊ वर्षांत कुठून कुठं गेला हे दिसलं की 'काळच तसा होता'वाले आपोआप मवाळ होतात, आणि 'सगळे वेस्टर्न सारखेच'वालेही. सिनेमाआधी प्रवचन नको. दोन मिनिटं, आणि त्यातही मत नको, फक्त माहिती: साल, कुठं चित्रित झाला, कोणत्या समाजाच्या भूमिकेत कोण आहे. 'स्कार: हेन्री ब्रँडन, जन्म बर्लिन' एवढी ओळ फलकावर पुरते. क्षमायाचनेची पाटी लावून सुरुवात केलीत तर लोक त्याच पाटीवर भांडतील.

हरकत घेणाऱ्या मुलीला चर्चा चालवायला बोलवा, पण 'ठराव' वाचायला नको. याकिमा किंवा लुकचं दृश्य परत लावून त्यावर बोलायला सांगा. ती म्हणाली की मी येणारच नाही, तर तोही तिचा हक्क आहे, त्यावरून गट पाडू नका. सगळं झाल्यावर कुणाला पुढे जायचं असेल तर क्री या कॅनडातल्या मूळनिवासी समाजातल्या दिग्दर्शक नील डायमंडचा माहितीपट 'रील इंजुन' (2009) आहे, आणि काळ्या कलाकारांनी स्वतःच्या हातानं केलेला वेस्टर्न बघायचा तर सिडनी पॉटिएचा 'बक अँड द प्रीचर' (1972).

एक बारीक सूचना. सबटायटलची फाइल खेळाच्या आदल्या दिवशी तपासा. बऱ्याच फाइलींत स्पॅनिश किंवा नाव्हाहो संवादाच्या जागी नुसतं 'परभाषेत बोलतो' असं येतं, आणि 'फोर्ट अपाची'त कोचीझ बोलत असताना पडद्यावर तेवढंच दिसत राहिलं तर अख्ख्या बोलणीचा विचका होईल. स्पॅनिश येणारं कुणी ओळखीचं असेल तर त्या दृश्याच्या ओळी मराठीत करून घ्या आणि फाइलमध्ये टाका. तासाभराचं काम आहे.